पांढऱ्या पायाची मालामो

"पाय खेचराचा घसरला आई, तिचा नाही."

"आणि खेचराचा पाय कुणाच्या पायाने घसरला, ते सांग की."

खिडकीखाली मालामो उभी होती. पाव आंबवायला वाटीभर आंबवण मागायला ती आली होती, पण आत आपल्याच पायांची चौकशी चाललेली ऐकून तिने वाटी पोटाशी धरली आणि कान भिंतीला लावला. आत रीझोस होता आणि त्याची आई वाइत्सा होती.

भानगड साधी होती. नव्या वर्षाच्या सकाळी उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याच्या पायगुणावर त्या घराचं वर्ष जातं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून ज्याचा हात सढळ, ज्याची तब्येत चांगली, अशा माणसाला आदल्या दिवशीच सांगून ठेवतात. तो येतो, उजवा पाय आत टाकतो, उंबऱ्यावर डाळिंब फोडतो आणि चार गोड शब्द बोलतो. त्या वर्षी वाइत्साच्या घरी यायचा माणूस दारू पिऊन घरीच झोपला. त्याच्याआधी मालामो गेली, पिठीसाखरेत लोळवलेली बदामाची बिस्किटं घेऊन. आईने बशी हातात दिली आणि ही निघाली. तिथे कुणी पाऊल ठेवलंय का, हे विचारायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. ध्यानात राहणार कसं? ध्यानात सगळा रीझोस होता.

"जानेवारी सरला नाही तोवर खेचर दरीत गेलं," वाइत्सा आत म्हणत होती. "धुराडं पेटलं. तुझ्या बापाची कंबर धरली ती अजून सुटली नाही. आणि तू म्हणतोस तिला सून करून आणतो. मग घर तरी कशाला ठेवायचं उभं?"

"बाबांची कंबर दर वर्षी धरते."

"दर वर्षी मार्चमध्ये धरते. या वर्षी जानेवारीत धरली."

मालामोने वाट पाहिली. तिला वाटलं, रीझोस आता बोलेल, मग बोलेल. थोड्या वेळाने आतून चमच्याचा आवाज आला. तो सूप प्यायला बसला होता.

ती रिकाम्या वाटीने घरी परतली. त्या दिवशी त्यांच्याकडचा पाव फुगला नाही. तेही तिच्याच पायावर गेलं.

रीझोस जर्मनीला गेला, मोटारींच्या कारखान्यात लागला. लग्न केलं ते खाली व्होलोस शहरातल्या एका मुलीशी. आणि आमच्या आनो कारियात मालामो पांढऱ्या पायाची म्हणून जी ठरली ती ठरली. आमचं गाव डोंगराच्या पोटाला चिकटलेलं, जायला यायला जागा नाही, तेव्हा एकदा निघालेला शब्दही इथेच फिरत राहतो. तिचं लग्न झालं पांतेलिसशी. तो खेचरं हाकायचा. खेचरवाल्याने खेचरं मारणारी बायको केली म्हणून लोकांनी कॉफीखान्यात पैजा लावल्या. पांतेलिस साठी उलटल्यावर वारला, आणि त्याचं खेचर त्याच्यानंतरही कितीतरी वर्षं जगलं. पण ते कुणी धरलं नाही.

मालामोने हे सगळं हसण्यावारी नेलं. दुसरं काय करणार? पायांवर रुसून माणूस जातो कुठे? नव्या वर्षाच्या सकाळी ती दुपारपर्यंत घराबाहेर पडत नसे, सगळ्या घरांतली डाळिंबं फुटून होईपर्यंत. "बायकांना आयुष्यात सुट्टी नसते," ती म्हणायची. "मला वर्षातून एक सकाळ अंथरुणात लोळायला मिळते, ती या पायांच्या कृपेने. उगाच नाही मी त्यांना गरम पाण्याने शेकत."

गावानेही तिचा उपयोग करून घेतला. कॉफीखान्याची मालकीण असिमिना एकदा वर्ष संपायच्या दिवशी तिच्याकडे आली.

"मालामो मावशी, उद्या सकाळी त्या वरच्या झऱ्याजवळच्या स्टाथिसकडे तेवढं पहिलं जाऊन ये ना. मेल्याने माझ्या बागेची भिंत सरकवलीय."

"जाईन की. पण परत येताना तुझ्या दारावरून यावं लागेल."

असिमिनाने विचार केला आणि वकील गाठला.

पण एक गोष्ट मालामो कुणाला सांगत नसे. गाव हसायचं आणि विसरायचं. मालामो हसायची, पण तिचा स्वतःचा त्यावर विश्वास होता, गावाहून जास्त. मुलीने व्होलोसला नवीन घर घेतलं, तेव्हा ही जिन्यात बसून राहिली. "दम लागलाय, होते पुढे," म्हणाली. वीज मोजायला आलेला माणूस आत जाऊन बाहेर आला, तेव्हा कुठे हिचा दम गेला. शाळा तिसरीपर्यंत झालेली. वाचायला जेमतेम यायचं, पण वाइत्साचं ते वाक्य मात्र तिला तोंडपाठ होतं.

मग रीझोस परत आला. बायको वारली होती, मुलं जर्मनीतच राहिली होती. हा पेन्शन घेऊन आईबापाच्या घरात येऊन राहिला. त्याचं अंगण आणि मालामोचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी दगडी भिंत. रोज सकाळी भिंतीच्या या बाजूला एक म्हातारी, त्या बाजूला एक म्हातारा.

"आज वारा आहे."

"काल पण होता."

"कालचा वेगळा होता."

ती भिंतीवरून पालकाची पिटा द्यायची, म्हणजे आपली भाजी भरलेली खारी रोटी, चांगली चौकोनी कापून. तो भिंतीवरून चुलीला लाकडं द्यायचा. सगळा व्यवहार भिंतीवरून. हात भिंतीवरून जातात, पाय जात नाहीत, ही मोठी सोय होती. दारातून ये, असं तो कधी म्हणाला नाही. म्हणेल अशी वाट मालामोने पाहिली नाही असं नाही. मरायच्या आधी एकदा त्या घरात कुणीतरी आपल्याला बोलावून न्यावं, एवढंच तिला हवं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. स्वतःला सांगायची वेळ आली, तेव्हा म्हातारचळ म्हणून सांगितलं.

एका मे महिन्यात गावात सिनेमावाले आले.

सणासुदीला टीव्हीवर लागतात ना, तसला सिनेमा. अथेन्सची एक पोरगी कामापुढे सण विसरलेली असते. ती डोंगरातल्या गावात येते, बर्फात अडकते, तिथल्या चीज करणाऱ्या पोराशी भांडते. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या गावाला कळतं की यांचं जमणार. कळत नाही ते फक्त त्या दोघांना. असले सिनेमे आम्ही भोपळ्याच्या बिया फोडत बघतो, नावं ठेवतो, आणि शेवटी डोळे पुसतो.

तर मे महिन्यात आमच्याकडे नाताळ सुरू झाला. सफरचंदाची झाडं फुलांनी भरलेली, त्यांच्यावर यांनी पंपाने पांढरा फेस मारला. मधमाश्या फेसात अडकल्या आणि मग त्यांनी सिनेमावाल्यांना पकडलं. चौकातल्या चिनाराखाली गावातली माणसं लोकरीचे कोट घालून घाम पुसत उभी, एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतायत. घर त्यांनी घेतलं रीझोसचं. त्याचं निळं दार कॅमेऱ्याला आवडलं म्हणाले.

सिनेमा करणारी बाई म्हणजे दानाई, पोरगेलीशी, डोक्यावर उलटी टोपी. तिच्या गोष्टीत नव्या वर्षाच्या सकाळी एक म्हातारी घरात पहिलं पाऊल टाकते, डाळिंब फोडते, आणि तिथून त्या दोघांचं नशीब फिरतं. या म्हातारीसाठी अथेन्सहून नटी आणली होती. बिचारीला घाटाची वळणं लागली. ती जी येऊन आडवी झाली, ती परत जायला मोटारीत बसायचं म्हटलं तरी रडायला लागली. दानाई कॉफीखान्यात आली आणि बसलेल्या म्हाताऱ्या एकेक न्याहाळू लागली. नजर मालामोवर थांबली.

"या आजी," ती म्हणाली. "यांच्या चेहऱ्यावरून भाग्य नुसतं ओसंडतंय."

असिमिना हातातला कप पुसत राहिली. "ओसंडतं खरं," ती म्हणाली. "जरा जपून ओसंडलेलं बरं."

"पोरी, दुसरी कुणी बघ," मालामो म्हणाली. "माझा पाय चांगला नाही."

"दुखतो का, आजी? आम्ही खुर्ची देऊ."

"मला नाही दुखत. दुसऱ्यांना दुखतो."

सगळे रीझोसकडे बघू लागले. कारण असं होतं की जूनमध्ये त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेल्यात जमा, उरला तो एकच, आणि चाकू लागणार होता त्यालाच. पाऊल पडणार होतं त्याच्या घरात. रीझोसने कपात पाहिलं. "घर कागद करून यांच्या ताब्यात दिलंय," तो म्हणाला. "मी काय बोलणार?"

ना हो, ना नाही. मालामोला तो चमच्याचा आवाज आठवला.

आणि तरी ती हो म्हणाली. घरी जाताना स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. पण देवाने दार उघडलं नाही, सिनेमावाल्यांनी उघडलं. या वयात दार कुणी उघडलं याच्या चौकशा करू नयेत.

दुसऱ्या दिवशी ती लग्नातला काळा कोट घालून आली. नजर लागू नये म्हणून खिशात लसूण, आतल्या खिशात आणखी लसूण. देवमातेचं नाव घेऊन उजवा पाय पुढे काढला, उंबरा ओलांडला आणि मान वर केली. समोर भिंतीवर वाइत्सा. फोटोतली. अगदी तशीच, ओठ मिटलेले, डोकं बांधलेलं. सिनेमावाल्यांनी तो फोटो मुद्दाम ठेवला होता. जुनं घर खरं वाटतं म्हणे.

मालामोने बोलायचं होतं, 'घर भरू दे, मनं जुळू दे.' ती म्हणाली, "वाइत्साकाकू, मी आपणहून नाही आले हो, मला पाठवलंय."

"फार छान," दानाई म्हणाली. "पुन्हा एकदा."

पुन्हा एकदा बाहेर, पुन्हा एकदा आत. या वेळी डाळिंब फुटलं नाही. मे महिन्यात डाळिंब कुठलं, मागच्या हिवाळ्यातलं, गारठ्यात ठेवून चामड्यासारखं झालेलं. ते चेंडूसारखं उडालं आणि पलंगाखाली गेलं. पुढच्या वेळी डावा पाय पडला. त्याच्या पुढच्या वेळी मधमाशी. मग सावली पडली, मग उजेड गेला, मग मालामोला शिंक आली.

"फार छान, आजी. पुन्हा एकदा."

"फार छान झालं तर पुन्हा कशाला, पोरी? मी रोज पिटा करते, छान झाली की खाते. पुन्हा नाही करत."

कॅमेऱ्याच्या मागे रीझोस उभा होता. ती आत आली की तो हातातल्या माळेचा एक मणी ओढायचा, बाहेर गेली की एक. शेवटी त्याच्याने राहवेना. आमचे पाद्री पापा-झीसिस तिथेच होते. आपण कुठे चित्रात येतोय का बघायला आले होते, नवी टोपी घालून.

"पापा," रीझोस म्हणाला, "हे एकच पाऊल धरायचं, की आली तितक्यांदा धरायचं?"

"धर्मात याला काडीचा आधार नाही."

"ते माहीत आहे. पण धरायचं कसं?"

पापांनी दाढी कुरवाळली. "मे महिना आहे बाबा. वर्ष कधीच सुरू झालं. आता कसलं पहिलं पाऊल?"

"पण बाहेर बर्फ आहे. डाळिंब आहे. जो तो शुभेच्छा देतोय. पायाला कसं कळणार मे आहे ते?"

"माझ्या पायाला नाहीच कळणार," मालामो उंबऱ्यावरून म्हणाली. "तो माझ्याबरोबरच शाळेत होता. कॅलेंडरपर्यंत आम्ही पोचलोच नाही."

सगळे हसले. रीझोस हसला नाही. दानाईला यातलं काही कळलं नाही, तिने फक्त डाळिंबाला खालून सुरीने चीर पाडून घेतली. मग ते असं फुटलं की दाणे वाइत्साच्या फोटोपर्यंत उडाले. "झालं," दानाई म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दिवे विझले, तारा गुंडाळल्या जाऊ लागल्या.

मालामो आत खुर्चीवर बसली. पाय खरंच दुखत होते, आता तिला स्वतःला. रीझोस माळ हातात घेऊन समोर उभा राहिला.

"एक आत जास्त आहे," तो म्हणाला.

"काय जास्त आहे?"

"प्रत्येक वेळी आत आलीस, मग बाहेर गेलीस. म्हणजे जे आणलंस ते नेलंस. शेवटची आलीस ती आतच आहेस."

"जाते रे बाबा. डोळा आहे तुझा समोर, मला का कळत नाही?" ती गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागली.

"बस," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता, चुलीवरच्या भांड्याकडे बघत. "कॉफी ठेवलीय. उतू जाईल."

तिने त्या घरात कॉफी घेतली. मग उठली, बाहेर गेली, त्याने मणी ओढला. घरी जाऊन तिने स्वतःची समजूत घातली, बाई गं, हुरळू नकोस. ही बोलावून दिलेली कॉफी नव्हे, सिनेमावाल्यांची उरलेली. भांड्यात राहिली होती म्हणून मिळाली.

ऑपरेशनच्या दिवशी तिने संत पारास्केवीच्या देवळात आपल्या उंचीएवढी मेणबत्ती लावली. डोळे या संत बाईच्या अखत्यारीत येतात. "उंची कमी दिली याचा पहिल्यांदाच फायदा झाला," ती संत बाईला म्हणाली. मग बाकी विनोद संपले आणि ती संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिली. गावात परतायचं धाडस होईना. डोळा गेला असता तर ती कुठल्या तोंडाने भिंतीपाशी उभी राहणार होती?

डोळा गेला नाही. पट्टी निघाली, रीझोस बसने परत आला आणि भिंतीशी येऊन तिच्याकडे बघत राहिला, बराच वेळ.

"मालामो, तू इतकी म्हातारी कधी झालीस?"

"तू जर्मनीत होतास तेव्हा. कळवायचं राहून गेलं."

गावाने निकाल दिला, व्होलोसचा डॉक्टर हुशार. डोळा बिघडला असता तर मालामोचा पाय, सुधारला तर डॉक्टरचा हात. आमच्या गावाचं गणित पहिल्यापासून पक्कं आहे.

वर्ष संपायच्या संध्याकाळी तो सिनेमा टीव्हीवर लागला. असिमिनाने मोठा टीव्ही कॉफीखान्यात मांडला, बशा भरून बिया ठेवल्या. मालामोला पुढची खुर्ची दिली. तिने केस बांधून घेतले होते. मुलीने व्होलोसहून फोन करून सांगितलं, शेजाऱ्यांना सगळ्यांना बोलावलंय, आई. सिनेमा पुढे सरकत होता. आपापलं कोपर, आपापलं कुत्रं दिसलं की लोक ओरडत होते. पापा-झीसिसांची टोपी दोनदा दिसली.

मग ती सकाळ आली. निळं दार. बर्फ, म्हणजे तो फेस. एक काळा बूट उंबरा ओलांडतो, उजवा. दगडी फरशीवर डाळिंब फुटतं, लाल दाणे चहूकडे. वरून कुणाचा तरी गोड, कोवळा आवाज म्हणतो, 'घर भरू दे, मनं जुळू दे.' आणि लगेच ती अथेन्सची पोरगी हसताना दिसते.

बस. चेहरा नाही, डोकं नाही, आवाजसुद्धा तिचा नाही. घेतले ते फक्त पाय.

कुणी बिया फोडेना. शेवटी असिमिना म्हणाली, "पाय छान आलेत, मावशी."

पहिली मालामोच हसली. "भाग्य चेहऱ्यावरून ओसंडून ओसंडून खाली गेलं वाटतं," ती म्हणाली. मग सगळे सुटले. कुणी म्हणालं, आता काय, घराघरात टीव्ही, सगळ्या देशात यंदाचं पहिलं पाऊल मालामो मावशीचं. "उद्या सरकार पडलं तर मला पकडायला येतील," मालामो म्हणाली. "लपवा मला कुठेतरी. तुमच्या घरात नको, त्या स्टाथिसकडे." लोक पोट धरून हसले. ती स्वतः डोळे पुसत होती. असल्या सिनेमांच्या शेवटी पुसावेच लागतात.

रीझोस तेवढा हसला नाही. सिनेमा संपायच्या आत तो उठला, टोपी घातली आणि घरी निघून गेला. मालामोला वाटलं, शरमला. झालं ते घरात येणं आता साऱ्या देशाने पाहिलं.

सकाळी ती नेहमीसारखी गोधडीत पडून होती. रात्रभर बर्फ पडला होता, या वेळी खरा. अंगणातून हाक आली.

"मालामो."

तिने खिडकी किलकिली केली. भिंतीपलीकडे रीझोस उभा, लग्नकार्यातला सूट घालून, गळ्याला मफलर.

"काय झालं?"

"ये."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इकडे. दारातून."

"सकाळ आहे, रीझोस. नव्या वर्षाची. शुद्धीवर आहेस का?"

"दार उघडं टाकून बसलोय पहाटेपासून. चूल विझायला आली. अजून कुणाला पाऊल टाकू दिलं नाही."

"मग पापांना बोलव. आशीर्वादाचा पाय आहे त्यांचा."

"आले होते. परत पाठवले. रागावलेत."

"आणि तुझी आई?"

"तिला भिंतीवरून उतरवून आतल्या खोलीत ठेवलंय. तोंड पलीकडे करून."

मालामोला हसू आलं पण ओठांपर्यंत पोचलं नाही. तिने खिडकी पूर्ण उघडली. थंडी आत आली.

"हे बघ," ती म्हणाली, "मी आयुष्यभर चेष्टा करत आले, पण मला ते खरं वाटतं. तुझ्या आईने म्हटलं तेव्हापासून. मी आले आणि तुला काही झालं, तर मी काय करू?"

रीझोसने भिंतीवरचं बर्फ हाताने लोटलं. एकदा लोटलं, पुन्हा लोटलं.

"मलाही खरं वाटतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? या वयात जे व्हायचं ते होणारच आहे. ते परक्याच्या पायाने होण्यापेक्षा तुझ्या पायाने होऊ दे."

मालामो खिडकीतून दिसेनाशी झाली. तेवढ्यात गल्लीतून असिमिना आली, नव्या वर्षाच्या केकचा तुकडा झाकून घेऊन, आणि सवयीने थेट निळ्या दाराकडे वळली.

"तिथेच थांब," रीझोस ओरडला. "पाय उचललास तर बघ."

"अहो काका, केक आणलाय."

"केक खाली ठेव आणि मागे हो."

असिमिना मागे झाली आणि अर्थातच तिथेच उभी राहिली. काहीतरी बघायला मिळतंय म्हटल्यावर तिच्या मागे आणखी चार माणसं उभी राहिली. अशा वेळी आमच्या गावात थंडी वाजत नाही.

मालामो आली. रात्रीच्या झग्यावर कोट, पायात नवऱ्याचे जुने रबरी बूट, एक मोजा काळा, एक तपकिरी. ज्या सकाळची इतकी वर्षं वाट पाहिली, त्या सकाळी हिला डाळिंब आणायचंसुद्धा सुचलं नाही. रीझोसने बाहेरूनच दारात हात घालून आपलंच डाळिंब काढून तिला दिलं.

"कुठला पाय?" तिने विचारलं.

"उजवा. मेमध्ये इतक्यांदा टाकलास."

"तेव्हा मला पाठवलं होतं."

तिने उजवा पाय उचलला. तो आत पडला. तिने डाळिंब असं आपटलं की अर्धं रीझोसच्या सुटावर गेलं. बोलायचं ते सगळं ती विसरली. "आले," एवढंच म्हणाली.

"फार छान, आजी," गल्लीतून असिमिना म्हणाली. "पुन्हा एकदा."

रीझोसने तिच्या मागोमाग आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या वर्षी सफरचंदांवर गारा पडल्या. रीझोसचा पुढचा दात गेला. धुराडं पुन्हा पेटलं, थोडंसंच. "बघितलंस?" तो दर वेळी म्हणायचा. "मग पुढच्या वर्षी बोलावू नकोस," ती म्हणायची. तो पुढच्या वर्षी सूट धुऊन घेऊन बोलवायचा. लग्नबिग्न त्यांनी केलं नाही. पापा-झीसिस अजून रागावलेलेच होते, आणि मालामो म्हणायची, या वयात नवरी म्हणून मिरवायचं तर आधी गुडघे नवीन घ्यावे लागतील. दुपारचं जेवण मात्र एका टेबलावर व्हायचं. वाइत्सा परत भिंतीवर गेली होती, खिडकीच्या बाजूला, उजेडात. मालामोच महिन्यातून एकदा तिची काच पुसायची.

अशी बरीच वर्षं गेली. फेब्रुवारीतल्या ज्या शुक्रवारी मालामो मरायच्या आधी शेवटची कामाला बाहेर पडली, तो तसा कुठलाही शुक्रवार होता. पावाची गाडी चिनाराखाली येऊन भोंगा वाजवत होती. मालामोने एकेक पाव दाबून पाहिला, उलटा करून बुडाला टिचकी मारली.

"मावशी, सगळे सारखेच आहेत," पाववाला म्हणाला.

"सारखे असते तर तू मला पहिलाच दिला असतास."

स्वतःला तिने करपलेल्या कडांचा घेतला, रीझोसला मऊ. त्याला आता चावत नव्हतं. ती त्याच्याकडे गेली तेव्हा तो चुलीपाशी खुर्चीत झोपला होता, तोंड उघडं टाकून. तिने मऊ पाव फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवला, चुलीत एक ओंडका सरकवला, कॉफीचं भांडं आचेवरून बाजूला काढलं. बाहेर पडून दार ओढून घेतलं. कडी लावली नाही, ती करकरते आणि त्याची झोप मोडते. मग आपला पाव काखेत धरून, भिंतीला हात लावत, ती घरी गेली.